दहाएक म्हणजे अकरा नव्हे

मागे उभे आहात ना, ते जरा पुढे या. पहिल्या रांगेत जागा आहे. प्रमिलाच्या आई, आमच्या काकी, तिथे एकट्याच बसल्या आहेत. कोणीतरी त्यांच्या शेजारी बसा.

नमस्कार. मी शुभदा. प्रमिला परब आणि मी अंधेरीच्या एमआयडीसीत, आमच्या कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. नऊ वर्षं. सुमारे नऊ नाही, पूर्ण नऊ. प्रमिला असती तर तिने हे विचारलंच असतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझ्याआधी चार जण बोलले. सगळे म्हणाले, शब्द सुचत नाहीत. मला सुचतायत. माझी अडचण वेगळी आहे. कावीळ झाली आणि दहा-बारा दिवसांत एक धडधाकट बाई गेली. तिच्याबद्दल चांगलं बोलायला आपण इथे वाकोल्याच्या या शाळेत जमलो आहोत, आणि मी ती बाई आहे जी तिच्यावर नऊ वर्षं जळत होती.

हो, जळत होते. दुसरा शब्द नाही. दातार साहेब, तुम्ही मान खाली घालू नका, मी वेळेत संपवते.

मला दोन कामं आहेत. पहिलं काम ऑफिसने दिलंय. तुर्कस्तानातल्या बुर्सा गावाहून आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं, जेलाल बेंचं, पत्र आलंय, ते मराठीत वाचून दाखवायचं. दुसरं काम मला कोणी दिलेलं नाही. काकी, ते तुमच्यासाठी आहे. प्रमिला गेली त्या दिवशी तुम्ही माझा हात धरून मला एक गोष्ट म्हणालात. ती गोष्ट खरी नाही. ती खोटी कशी, हे मला माहीत आहे आणि मलाच माहीत आहे. तुम्ही ती घेऊन घरी बसलात तर मला जेवण जाणार नाही.

आधी प्रमिलाबद्दल सांगते. इथे शेजारचे लोक आहेत, त्यांना ती नळावर भांडणारी आणि गणपतीत फुगडी घालणारी प्रमिला माहीत आहे. ऑफिसातली माहीत नाही.

मी मुलुंडची. वडील हेडमास्तर, घरात कपाटभर इंग्रजी पुस्तकं. मी एम.ए. झाले, इंग्रजी घेऊन. प्रमिला एस.एस.सी. आणि टायपिंगच्या परीक्षा. पहिल्या दिवशी तिला समोर बसवलं तेव्हा मी मनात म्हटलं, ठीक आहे, पाकिटं चिकटवायला कोणीतरी पाहिजेच होतं.

आणि आठवड्याभरात जेलाल बेंचं पहिलं पत्र आलं. आम्ही कापडगिरण्यांच्या यंत्रांचे भाग बनवतो, त्यांना ते हवे होते. पत्र अख्खं तुर्कीत. सगळ्यांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, ठेवून दिलं. प्रमिला पाकिटं चिकटवता चिकटवता म्हणाली, "दे ना इकडे, मला येतं थोडंसं."

मला वाटलं, फेकतेय. पण नाही. तिचे वडील बोटीवर होते. त्यांची बोट बिघडून इझमीरच्या बंदरात पाच महिने अडकली होती, तिथून त्यांनी एक पुस्तक आणलं. इंग्रजी येणाऱ्यांना तुर्की शिकवणारं पुस्तक. वडिलांना इंग्रजीही येत नव्हतं. मग ते वाचून दाखवायचं काम तेरा वर्षांच्या प्रमिलाकडे आलं. पोरीने शब्दकोश शेजारी घेऊन दोन्ही भाषा एकदमच शिकून टाकल्या. म्हणून तिचं इंग्रजी जरा अजब होतं. चूक नव्हतं, अजब होतं. "माळ्याची मुलगी शहाणी आहे परंतु तिची छत्री ओली आहे" अशा धाटणीचं. ऑफिसात आम्ही तिला हसायचो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

पण पत्र वाचलं तिने. साहेब स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले. नऊ वर्षांत साहेब माझ्या बाजूला कधी आले नाहीत. त्या दिवशीही आले ते तिच्या बाजूला.

मग मी काय केलं असेल? घरी कोणाला न सांगता फोर्टच्या फूटपाथवरून एक तुर्की पुस्तक आणलं. म्हटलं, हिला जमतं तर मला का नाही जमणार, मी तर एम.ए. वर्षभर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डबा खाताना, मांडीवर पुस्तक. प्रमिलाला दिसत होतं. तिने एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "अगं, ते क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. तू इंग्रजीतून जातेस म्हणून अडतेस." मला ते इतकं लागलं की मी त्या दिवशी डबा अर्धा टाकला.

आणि मग आली माझी परीक्षा. प्रमिला गावाला गेली होती, मालवणला, भावाच्या लग्नाला. मागे टेलेक्स आला. जेलाल बे स्वतः माल बघायला मुंबईला येतायत. कधी? टेलेक्सवर शब्द होते, बेश ओन. बेश म्हणजे पाच, ओन म्हणजे दहा. मी टेबलावरून उठून ताठ मानेने केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, पंधरा दिवसांत येतायत.

आता ऐका. तुर्कीत पंधराला ओन बेश म्हणतात. दहा-पाच, पंधरा. बेश ओन म्हणजे पाच-दहा. आपण म्हणतो तसं, पाच-दहा दिवसांत येतो. आकडे तेच, क्रम उलटा, आणि अर्थ नेमक्याचा मोघम झाला. जेलाल बे आठव्या दिवशी सहारच्या विमानतळावर उतरले. घ्यायला कोणी नाही. चार तास माणूस बॅगेवर बसून होता, शेवटी त्यानेच ऑफिसला फोन केला. कारखान्यात मशीन उघडून पसरलेलं, रंगाचं काम चाललेलं. आमची नुसती वाट लागली.

प्रमिला त्याच सकाळी गावाहून आली होती. टॅक्सी करून सहारला गेली, त्यांना घेतलं आणि ऑफिसला न आणता सरळ इथे वाकोल्याला, आपल्या घरी आणलं. काकी, तुम्ही त्यांना सोलकढी पाजलीत. "ह्येका तिखाट चलात काय गो?" असं विचारलंत, आणि प्रमिलाने ते तुर्कीत विचारलं, आणि तो माणूस तीन वाट्या प्यायला. तोवर कारखान्यात सगळं आवरून झालं. जेलाल बे दुपारी आले ते हसतच आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, ही पंधराची चूक कोणाची? मी फाईल उघडून वाचायला लागले. प्रमिला म्हणाली, "सर, शुभदाने आकडे बरोबर वाचले होते, फक्त त्यांची जागा चुकली." साहेब हसले. सगळे हसले. ती मला झाकायला गेली आणि मला तेच सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्या चुकीवरून तिला एक वेड लागलं. लग्नपत्रिका येतात ना आपल्याकडे, त्यांची कोरी बाजू कापून ती त्यावर लिहायला लागली. माणसं अंदाज कसा सांगतात, तेवढंच. इंग्रजीत कसा, तुर्कीत कसा, मराठीत कसा. पत्रात असं वाक्य सापडलं की कार्ड. मला विचारायची, "शुभदा, दहाएक म्हणजे अकरा का गं?" मी म्हणायची, नाही, दहाएक म्हणजे दहाच्या आसपास. "मग तो एक कशाला जोडला?" "थर्टी-ऑड म्हणजे तिसाच्या वर काही. पण ऑड म्हणजे विषम ना? मग एकतीस की तेहतीस?" एम.ए. बाईला उत्तर नाही आणि एस.एस.सी. बाई पत्रिकेच्या मागे लिहितेय, "ऑड : शुभदालाही माहीत नाही." हे माझ्यासमोर लिहिलं तिने. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं.

एकदा म्हणाली, "बघ ना, आपण दोनावरून चारावर उडी मारतो, दोन-चार माणसं म्हणतो. तुर्क तिनावरून पाचावर मारतो. इंग्रज उडीच मारत नाही. आकडा ठेवतो, मागे 'ऑर सो' लावतो आणि मोकळा होतो." आणि तुर्क पाच वाजता यायचं असेल तर 'बेश फलान' म्हणतो. फलान म्हणजे आपला फलाणा. पाच वाजता फलाणा. त्या दिवशी ती खुर्चीवरून पडेपर्यंत हसली होती. आमच्या खात्यात नंतर सगळेच तसं बोलायला लागले. चहा कधी? चार वाजता फलाणा. मी नाही बोलले कधी. हट्टाने 'अराउंड फोर' म्हणत राहिले.

आता येते त्या गोष्टीवर. काकी, नीट ऐका. ऐकू येतंय ना?

तीन वर्षांपूर्वी बुर्साला आमची मशिनं बसवायची होती, आणि कंपनी एका माणसाला सहा आठवडे तिकडे पाठवणार होती. सगळ्यांना वाटलं, प्रमिलाच जाणार. प्रमिलालाही वाटलं. तिने पासपोर्टचा फोटो काढून घेतला होता, निळ्या साडीतला. मला दाखवला होता. विचारलं, "बरा आलाय का गं?" मी म्हटलं, बरा आलाय.

दातार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब, आठवतं का? तुम्ही म्हणालात, "तुर्कीचा प्रश्न नाही. पण तिथे जर्मन इंजिनिअर असतील, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागेल. शुभदा, तुझं इंग्रजी पक्कं आहे, तू सांग. प्रमिलाचं इंग्रजी कसं आहे?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "फेअर, सर. मोअर ऑर लेस."

एवढंच. आणि जराशी हसले.

इंग्रजीत या शब्दांचा अर्थ कमी-जास्त, साधारण, थोडं इकडेतिकडे. कोणी शब्दकोश काढून मला खोटं पाडू शकलं नसतं. पण मी ते कसं म्हटलं, ते मला माहीत आहे. इंग्रजीत शिकलेल्या माणसाला कोणाला पाडायचं असेल तर शिवी द्यावी लागत नाही. फक्त मागे 'मोअर ऑर लेस' लावायचं आणि हसायचं. मग आमच्या ऑफिसातले नाडकर्णी गेले बुर्साला. नाडकर्णींना 'मेरहाबा', म्हणजे नमस्कार, सोडून एक शब्द येत नव्हता. प्रमिलासाठी ते चहाचा एक छोटा ग्लास घेऊन आले.

आणि काकी, तुम्ही त्या दिवशी मला काय म्हणालात? म्हणालात, "माज्यामुळा ऱ्हवला गो तिचा जाणा. माजे गुडघे दुखत होते म्हणान गेला नाय माजा चेडू." प्रमिलाने तुम्हाला तसंच सांगितलं होतं. आईला टाकून कशी जाऊ, मीच नको म्हटलं. तीन वर्षं तुम्ही हे गुडघ्यात घेऊन बसला आहात.

काकी, तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे.

मी कालपर्यंत समजत होते की प्रमिलाला हे माहीत नाही. काल तिचा ड्रॉवर रिकामा केला. साहेबांनीच सांगितलं, कर म्हणून. आत ती सगळी कार्डं, पत्रिकांची. रबर लावून गठ्ठे. सुमारेचा गठ्ठा, जवळजवळचा, फलाणाचा. आणि एक पातळ गठ्ठा, त्यावर लिहिलेलं, मोअर ऑर लेस. मी वरचं कार्ड काढलं. तिचं ते गोल अक्षर. उदाहरण म्हणून इंग्रजी वाक्य उतरवलं होतं. हर इंग्लिश इज फेअर, मोअर ऑर लेस.

साहेब, तुम्ही माझं म्हणणं जसंच्या तसं नोटमध्ये घातलंत, नोट फाईलमध्ये घातलीत आणि फाईल शुक्रवारी टायपिंगला पाठवलीत. शुक्रवारी टायपिंगला कोण बसायचं? तीच. तिने ते वाक्य स्वतःच्या हाताने टाइप केलं. कार्बनसकट. मग पत्रिका कापली आणि कार्ड केलं. खाली तुर्की लिहिलं, आशा युकारी, म्हणजे खाली-वर. खाली मराठी लिहिलं, कमी-जास्त, साधारण. आणि अगदी तळाशी, पेन्सिलने, "इथे मोअर नाही. नुसतं लेस आहे."

तीन वर्षं ती माझ्या समोर बसली. रोज माझ्या डब्यातली चटणी खाल्ली. एक शब्द बोलली नाही. मी रात्रभर विचार केला, मला वाचवायला बोलली नाही का? नाही. मी तेवढी मोठी नव्हते तिच्या लेखी. तिला लाज वाटली. आपलं इंग्रजी कमी पडलं हे आईला सांगायची लाज वाटली, म्हणून तिने आईचे गुडघे पुढे केले. माझ्या तीन शब्दांवर तिचा विश्वास बसला, हे माझं खरं पाप आहे. त्यानंतर ती माझ्याशी इंग्रजीत कधी बोलली नाही. माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, ते छत्री-माळी इंग्रजी थांबलं.

आता पत्र वाचते. त्यासाठीच मला उभं केलंय.

हे जेलाल बे. बे म्हणजे आपला 'अबे' नाही, बे म्हणजे राव, आणि हानिम म्हणजे बाई. जेलालराव लिहितात, "बाशिनिझ सा ओलसुन." कोणी गेलं की तिकडे असं म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर, तुमचं डोकं सुखरूप राहो. म्हणजे जे मागे राहिले त्यांनी नीट राहावं. पुढे लिहितात, "मी प्रमिला हानिमशी नऊ वर्षं कदार पत्रव्यवहार केला. ती मला माझ्या मुलीकदार प्रिय होती."

इथे मी दोन दिवस अडकले होते. तुर्कीत कदार हा शब्द आकड्यामागे आला की अर्थ होतो सुमारे. नऊ वर्षं कदार, सुमारे नऊ वर्षं. आणि तोच शब्द माणसामागे आला की अर्थ होतो एवढा, इतका. मुलीएवढी. एकच शब्द, एकदा मोघम, एकदा बरोबरीचा.

खरं सांगते. परवा मी भाषांतर केलं त्यात लिहिलं होतं, "ती मला जवळजवळ मुलीसारखी होती." जवळजवळ. कोणी पकडलंही नसतं. इथे कोणाला तुर्की येतं? ती मेली, तरी मला तिच्या वाट्याचं एक पूर्ण माप तिला द्यायला जड गेलं. मला कोण लिहिणार असं पत्र? मला बुर्साहून फक्त खाली एक ओळ यायची, मिस शुभदाला नमस्कार. मी जळले. मेलेल्या बाईवर जळले, परवा, टेबलावर बसून, तिची खुर्ची समोर रिकामी असताना.

काल ते कार्ड वाचलं आणि मग मी कागद फाडला. नवीन लिहिला. तो वाचते. "सुमारे नऊ वर्षं आम्ही एकमेकांना लिहिलं. ती मला माझ्या मुलीएवढी प्रिय होती. तिच्या आईच्या हातचं ते गुलाबी पेय मला अजून आठवतं. त्यांना सांगा, त्यांची मुलगी इकडे आली नाही, पण आमच्या घरात तिचं नाव रोज घेतलं जायचं." सही, जेलाल.

काकी, हे पत्र तुमचं आहे. मी खाली आले की देते. ती कार्डंसुद्धा तुमची. ते एक कार्ड मात्र मला द्याल का, हे विचारायचंय. आत्ता उत्तर देऊ नका. नाही म्हणालात तरी चालेल. मला दारात उभं करणार नाही म्हणालात, तरी मी समजेन.

आणि दातार साहेब, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात. मी उत्तर चुकीचं दिलं. आज सगळ्यांसमोर दुरुस्त करते, हवं तर फाईलला लावा. प्रमिला परबचं इंग्रजी चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आता सगळे उभे राहू या आणि दोन मिनिटं शांत राहू या. काकी, तुम्ही बसूनच राहा.